आपल्याच समाजातल्या बायकांसाठी वकिली करायची म्हटली तर खानापूर-हल्याळ भागात जमेल काय?

कवंदी

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, सिद्दी समाजाची (आमचे पूर्वज आफ्रिकेतनं आलेले), बेळगावात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. प्रश्न जरा लांबडा आहे, वाचून घ्या.

माझं आजोळ जिल्ह्याच्या हद्दीपलीकडं, उत्तर कन्नडातल्या हल्याळ तालुक्यात. तिथं माझी मावशी असते. तिचं लग्न समाजाच्या बाहेर झालं होतं, पुढं नवऱ्याशी पटलं नाही, त्यानं घरातनं काढलं आणि ती दोन पोरं घेऊन आजीकडं परत आली. तेव्हा मोठा चार वर्षांचा आणि धाकटा दोनचा. तेव्हापासून ती पोरं आमच्यातच आहेत, आमचीच भाषा बोलतात, आजीबरोबर रानात जातात, घरातल्या हिरियारूपुढं (पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढं) नारळ ठेवायला तेच पुढं असतात. बाप एकदा पण बघायला आला नाही. आता मोठा दहावी पास झाला, पुढच्या हॉस्टेलसाठी जातीचा दाखला पाहिजे म्हणून मावशी एका कचेरीत गेली. स्वतःचा एसटीचा (अनुसूचित जमातीचा) दाखला, आजीचं रेशनकार्ड, पोराचा शाळेचा दाखला असं सगळं एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून गेली आणि अर्ध्या तासात परत आली. "बापाचा दाखला आणा, आई कुठल्या जातीची ते आम्हाला नको" म्हणाले. लेखी काय दिलं नाही, अर्ज पण घेतला नाही. आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि कवंदी (जुन्या कापडांची गोधडी) शिवायला बसली, संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही.

त्याच आठवड्यात आमच्या क्लासला सरांनी कॅनडाच्या शॅरन मॅकायव्हरचं नाव घेतलं. तिथली आदिवासी बाई, स्वतः वकील, आणि तिनं सरकारवर केस घातली ती कशासाठी तर आईकडनं आलेली ओळख आपल्याला आणि आपल्या पोरांना मिळावी म्हणून. मला तर अंगावर काटाच आला, इतक्या लांबची बाई आणि गोष्ट आमच्या मावशीची!

आता विचारायचं ते असं की असली वकिली करून इथं पोट भरतं काय? बाबा म्हणूलालेत की पीडीओची (पंचायत विकास अधिकाऱ्याची) परीक्षा दे, कोर्टात काय मिळणार, आपल्या लोकांकडं फी द्यायला पैसे कुठले. त्यांचं पण खोटं नाही. पण मला दुसरं काय करावंसंच वाटेना झालंय. आणि मावशीच्या पोराचं काय करता येईल ते पण कुणाला माहीत असलं तर सांगा.

टिळकवाडीची वकील

पोरी, आधी मावशीचं बघू, कारण ते वेळेत करायचं काम आहे.

आई आदिवासी आणि बाप बाहेरचा असला की पोराची जात बापाचीच, असा ठाम नियम नाही. २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, रमेशभाई दाभाई नायका विरुद्ध गुजरात सरकार. त्या माणसाची आई नायक जमातीची, बाप क्षत्रिय, त्याला एसटी म्हणून रेशन दुकान मिळालं होतं आणि बापाच्या जातीवरून त्याचा दाखला रद्द केला होता. कोर्टानं सांगितलं की पोर बापाच्या जातीचं असं सुरुवातीला धरून चालता येईल, पण ते खोडून काढता येतं. पोर आईच्या समाजात वाढलंय, त्या समाजानं त्याला आपलं मानलंय, आईच्या लोकांना जे सोसावं लागतं ते त्यानं पण सोसलंय, एवढं पुराव्यानं दाखवलं तर आईची जमात मिळू शकते. म्हणजे तुमच्या पोराची लढाई पुराव्याची आहे. शाळेत घालताना पालक म्हणून कुणाची सही आहे, रेशनकार्डावर नाव कधी चढलं, अंगणवाडीच्या रजिस्टरात आहे काय, शेजारच्या चार घरच्या म्हाताऱ्यांचं अ‍ॅफिडेव्हिट, समाजाच्या पंचांचं पत्र, हे सगळं गोळा कर. आणि मावशीचा स्वतःचा दाखला लग्नामुळं कुठं जात नाही, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं परत एकदा स्पष्ट सांगितलंय की जात जन्मानं ठरते, लग्नानं बदलत नाही.

दुसरं, तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, नाही म्हणाले तर लेखी उत्तर मागायचं, ते कन्नडात हिंबरह म्हणतात ते. तो कागद हातात असला तर तहसीलदाराच्या नकारावर असिस्टंट कमिशनरकडं अपील करता येतं आणि त्याला मुदत ३० दिवसांची आहे. कागदच नसला तर अपील कशावर करणार? आपल्या बायकांची निम्मी प्रकरणं तोंडी नकारावरच मरतात, बावीस वर्षं हेच बघत आलेय मी.

आता तुझी मॅकायव्हर. सरांनी नाव सांगितलं ते चांगलं केलं पण पूर्ण गोष्ट माहीत करून घे, त्यात तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. कॅनडात १८७६ पासून इंडियन अ‍ॅक्ट आहे, सरकारच्या रजिस्टरात नाव असलं तरच तुम्ही कायद्यानं आदिवासी. आदिवासी पुरुषानं गोरी बायको केली तर त्याचं नाव राहणार आणि वर त्या बायकोचं पण नाव चढणार. आदिवासी बाईनं बाहेरच्याशी लग्न केलं की तिचं नाव कट, पोरांचं पण नाही, वस्तीत घर ठेवायचा हक्क गेला. जेनेट लाव्हेल आणि इव्होन बेडार्ड या दोघी त्याच्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. बेडार्ड तर नवऱ्यापासून वेगळी होऊन आईनं मृत्युपत्रात ठेवलेल्या घरात परत आली होती, तर वस्तीच्या कौन्सिलनं तिला बाहेर काढायला घेतलं. १९७३ ला दोघी हरल्या, ५ विरुद्ध ४ नं, म्हणजे एका जजनं. मग सँड्रा लव्हलेस नावाची बाई संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडं गेली, १९८१ ला तिच्या बाजूनं निर्णय आला, आणि त्या दबावानं १९८५ ला कायदा बदलला. गेलेली नावं परत चढायला लागली, लाखाच्या वर लोकांची.

पण बदलताना मेख ठेवली. बाईला नाव परत दिलं, पण तिच्या भावाच्या नातवंडांना जे मिळणार ते तिच्या नातवंडांना नाही. मॅकायव्हर ब्रिटिश कोलंबियातल्या लोअर निकोला वस्तीची. तिनं १९८५ लाच अर्ज केला, पुढच्या वर्षी तिची कायद्याची डिग्री झाली, आणि तिचा मुलगा जेकब ग्रिस्मर याचं नाव नाकारलं गेलं म्हणून १९८९ ला ती कोर्टात गेली. खटला प्रत्यक्ष उभा राहिला २००६ ला. सतरा वर्षं! त्याच वर्षी असले खटले ज्या सरकारी निधीतनं चालायचे तो निधी पण सरकारनं बंद केला. २००७ ला ती जिंकली, २००९ ला वरच्या कोर्टानं निकाल बारीक करून टाकला, सुप्रीम कोर्टानं ऐकायलाच घेतलं नाही, सरकारनं एक अर्धवट दुरुस्ती आणली. ती बाई थांबली नाही, २०१० ला तीच लव्हलेसची वाट धरून संयुक्त राष्ट्रांकडं गेली, आणि तिथनं तिच्या बाजूनं निर्णय आला तो २०१९ च्या जानेवारीत जाहीर झाला. त्याच ऑगस्टमध्ये कॅनडानं १९८५ च्या आधीचा बाई-पुरुष भेद काढणारं कलम लागू केलं. १९८५ चा अर्ज आणि २०१९ चा कायदा, तूच हिशेब कर.

पोटाचं विचारलंस म्हणून सांगते, या चौतीस वर्षांत ती नुसत्या या एका केसवर जगली नाही. ती आदिवासींच्या कॉलेजात शिकवत होती, आदिवासी बायकांच्या राष्ट्रीय संघटनेत काम करत होती. इथं पण तसंच करावं लागतं. मी सकाळी बँकेच्या, अ‍ॅक्सिडेंटच्या केसेस बघते, त्याच्यावर ऑफिसचं भाडं निघतं, आणि त्या जोरावर बाकीची कामं घेते. बाबांना हे मोकळेपणानं सांग, लपवू नकोस. आणि हे पण सांग की २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर एससी-एसटीसाठी बार कौन्सिलची नोंदणी फी १२५ रुपयांच्या वर घेता येत नाही, आणि सीनियरकडं शिकताना समाजकल्याण खात्याचा स्टायपेंड असतो त्याची चौकशी आत्तापासूनच करून ठेव. मावशीला वकिलाची फी द्यायची पण गरज नाही, लीगल सर्व्हिसेस अथॉरिटीच्या १९८७ च्या कायद्यात बाईला आणि एसटीला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

घाटावरचा मास्तर

मी हल्याळचाच. कवंदी अक्का, तुझ्या घरातच अजून एक गोष्ट आहे ती तुला माहीत असणार पण इथल्या बाकीच्यांना माहीत नाही म्हणून लिहितो.

सिद्दी एसटीत आले २००३ ला, पण यादीत लिहिलं होतं उत्तर कन्नड जिल्हा. तेवढंच. खानापूर आणि धारवाडकडच्या सिद्दींना त्यासाठी २०२० उजाडावं लागलं, तेव्हा पार्लमेंटनं यादीत बेळगाव आणि धारवाड जिल्हे घातले. म्हणजे सतरा वर्षं असं होतं की एकाच रानात, एकाच देवाला जाणारी, एकमेकांच्यात सोयरीक असलेली दोन घरं, एक एसटी आणि एक नाही, मधे फक्त जिल्ह्याची हद्द. आता याचा मार कुणावर जास्त बसला ते बघा. पुरुष आपल्या गावातच राहतो. हद्द ओलांडते ती पोरगी, लग्न करून. हल्याळची पोरगी खानापूरला दिली की तिकडं रेशनकार्ड झालं, आधारचा पत्ता बदलला, आणि पुढं काय मागायला गेली की "तुमचा जिल्हा कुठला" इथनं सुरुवात. माझ्या सख्ख्या बहिणीचं झालंय हे. तिच्या पोरांना माझ्या पोरांसारखी स्कॉलरशिप मिळाली नाही, आणि राखीला आली की ही गोष्ट निघायचीच.

टिळकवाडीच्या मॅडमनी सांगितली ती भाऊ-बहिणीच्या नातवंडांची गोष्ट वाचताना मला तेच आठवलं. कायद्यात कुठं बाईचं नाव सुद्धा नव्हतं, नुसता जिल्हा लिहिला होता, तरी भोगलं बायकांनीच. असल्या गोष्टी कळायला आपल्यातली वकील पाहिजे, बाहेरच्या वकिलाला पहिला तास सिद्दी म्हणजे कोण हे सांगण्यातच जातो. तू शिक अक्का. बाबांशी बोलायला मी येतो पाहिजे तर.

खानापूर रोड

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या मनात खरंच शंका आहे. मी सिद्दी नाही पण माझ्या ओळखीत आहेत. बायकांना आणि त्यांच्या बाहेरच्या लग्नातल्या पोरांना सगळे हक्क दिले तर उद्या बाहेरचे लोक आदिवासी पोरीशी लग्न करून जमिनी घेणार नाहीत काय? समाजातल्या म्हाताऱ्या माणसांना हीच भीती असते. आणि समाजातलं भांडण कोर्टात नेलं की गावात त्या बाईला राहायला अवघड होतं, कोण बोलायला येत नाही. हा विचार वकील करतात काय?

टिळकवाडीची वकील

भाऊ, राग कशाला, ही शंका रास्तच आहे. कॅनडात पण हेच म्हणत होते, शब्द सुद्धा जवळजवळ हेच. १९७३ च्या केसमध्ये आदिवासी पुरुषांच्या मोठ्या संघटना लाव्हेलच्या विरुद्ध उभ्या होत्या, कारण इंडियन अ‍ॅक्टचं एक कलम पडलं तर सगळाच कायदा पडेल आणि जमिनी जातील अशी भीती. त्या भीतीला कारण पण होतं, सरकारनं त्यांना आधी फसवलेलं होतं. पण हक्क कुणाचा गेला? बायकांचा. १९९२ ला नवीन घटनेची बोलणी चालू होती तेव्हा सरकारनं पुरुषांच्या संघटनांना पैसे देऊन टेबलावर बसवलं आणि बायकांच्या संघटनेला नाही, त्याच्यावर पण केस झाली, आणि त्या केसमध्ये मॅकायव्हरचं स्वतःचं नाव आहे. १९९४ ला सुप्रीम कोर्टात हरले ते. ती जिंकण्यापेक्षा हरलीच जास्त वेळा, हे विसरू नका.

जमिनीचं म्हणाल तर आपल्याकडं हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही, कलम २(२). त्यामुळं पोरीला वाटा मागायचा झाला की रूढी काय ते बघतात, आणि आमच्यात पोरीला देत नाहीत असं चार पुरुषांनी सांगितलं की झालं, अशी आतापर्यंतची रीत. १७ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांना तिच्या भावांच्या बरोबरीनं वाटा दिला, आणि सांगितलं की पोरीला वगळायची रूढी आहे असं तुम्ही म्हणता तर ती तुम्ही सिद्ध करा, सिद्ध झाली नाही तर बरोबरीच. जमीन बाहेरच्याच्या घशात जाऊ नये म्हणून जमीन विकण्यावर बंधन घालता येतं की. त्यासाठी पोरीलाच वाटणीतनं काढायची काय गरज?

गावात अवघड होतं ते मात्र खरं आहे. म्हणून मी कुठलीही नोटीस काढायच्या आधी त्या बाईच्या घरी जाऊन येते, कोण तिच्या बाजूनं उभं राहील ते बघते. कधी कधी केस घालायची नाही असंच ठरतं, आणि ते तिनंच ठरवायचं असतं.

गवळीवाडा

आमचं धनगर गवळ्यांचं अजून एसटीत नाही, तरी लिहिते, कारण वकील नसून सुद्धा मी आमच्या वाड्यावर थोडं काम केलंय.

आमच्या वाड्यावर वनहक्काचे अर्ज भरायला घेतले तेव्हा सगळे फॉर्म पुरुषांच्या नावाचे आले. मी म्हटलं थांबा. २००६ च्या कायद्यात ४(४) ला लिहिलंय की नवरा-बायको दोघांच्या नावावर पट्टा द्यायचा, आणि एकटी बाई असली तर तिच्या एकटीच्या नावावर. वनहक्क समितीत तिसरा हिस्सा बायका पाहिजेत. मीटिंगला गेले तर बायकांची नावं कागदावर होती आणि बायका बाहेर चुलीपाशी चहा करत होत्या. मी दोघींना आत आणून खुर्चीवर बसवलं, एक तर उठून परत जमिनीवर बसली, सासरा समोर आहे म्हणून.

आणि एसटी नसल्याचा फटका असा, की एसटी असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जागेवर आहे एवढं दाखवायचं, पण आमच्यासारख्यांना ७५ वर्षांचं राहणं दाखवायला पाहिजे. ७५ वर्षांपूर्वीचा कागद म्हशीमागं रानात फिरणाऱ्या माणसाकडं कुठला असणार? आणि एका विधवा बाईकडं तर सगळेच कागद दिराच्या ट्रंकेत. आम्ही तिच्या सासूचा जबाब लिहून घेतला, कुठल्या वर्षी कुठल्या झाडाखाली गोठा होता इथपर्यंत, जुन्या म्हाताऱ्यांचं सांगणं पण पुरावा म्हणून धरतात त्या कायद्यात. तिचा अर्ज अजून वर अडकलाय. पण अर्ज तिच्या नावानं आहे.

कवंदी, तू वकील झालीस की तुझ्याकडं पहिली ही केस घेऊन येणार बघ मी. आणि कन्नड पक्कं कर. आपण घरात मराठी-कोंकणी बोलतो पण खालच्या कोर्टाचं कामकाज, कचेरीचा कागद सगळं कन्नडात. आमच्या बायका काय लिहिलंय ते न कळता अंगठा उठवतात, त्यांना ओळ न् ओळ मराठीत सांगणारी माणसं फार कमी आहेत इकडं.

घाटावरचा मास्तर

एक राहिलं. ब्राझीलच्या जोएनिया वापिशाना यांचं पण वाच अक्का. तिकडच्या पहिल्या आदिवासी महिला वकील, १९९७ ला डिग्री घेतली, २००८ ला त्यांच्या लोकांच्या जमिनीसाठी ब्राझीलच्या सुप्रीम कोर्टात उभ्या राहून बोलल्या, आणि २०२३ ला सरकारच्या आदिवासी खात्याच्या प्रमुख झाल्या. बाबांना सरकारी नोकरीच पाहिजे असली तर ही वाट पण आहे म्हणावं.

कवंदी

सगळ्यांना मनापासून थँक्यू. उत्तर द्यायला आठ दिवस लागले कारण मी हल्याळलाच होते.

मास्तर, तुम्ही म्हणालात ते अगदी खरं, माझी आईच ती हद्द ओलांडून आलेली. माझा स्वतःचा दाखला २०२० नंतरच निघाला, तोवर मी हल्याळच्या मामाच्या पोरांचे फॉर्म भरून द्यायचे आणि माझा भरता यायचा नाही.

मावशीला सगळं वाचून दाखवलं. बेडार्डच्या आईच्या घराचं आलं तेव्हा तिनं सुई थांबवली आणि "मग? काढलं काय तिला?" असं दोनदा विचारलं. मग स्वतःच उठली आणि पिशवी खुंटीवरनं काढली. शाळेत गेलो, हेडमास्तरांनी पहिलीचा प्रवेश फॉर्म काढून झेरॉक्स दिला, पालकाच्या जागी मावशीची सही आहे, नवीनच सही शिकली होती तेव्हाची, अक्षर वेडंवाकडं. चार घरच्या म्हाताऱ्या अ‍ॅफिडेव्हिटला तयार आहेत. एका आज्जीनं विचारलं की कोर्टात बोलावतील काय, मी म्हटलं बोलावलं तर मी बरोबर येते.

अंगणवाडीत जुनं रजिस्टर मिळेल असं वाटलं नव्हतं. तिथल्या ताईंनी माळ्यावरनं गठ्ठा काढला, कोपरे वाळवीनं खाल्लेले, पण ते पान शाबूत होतं. दोन्ही पोरांची नावं एकाखाली एक, धाकट्याचं वजन पेन्सिलीनं लिहिलेलं, साडेनऊ किलो. बापाच्या नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे आणि आईच्या नावापुढं मावशीचं माहेरचं पूर्ण नाव.

बाबा अजून पीडीओचंच म्हणतात, पण सोमवारी कचेरीला ते स्वतः गाडीनं सोडणार आहेत. पोच घेतल्याशिवाय येत नाही. नाही म्हणाले तर हिंबरह घेऊन त्याच दिवशी इथं टाकते, मॅडम, ३० दिवस त्या तारखेपासूनच मोजायचे ना?